जीवॉस आणि कन्फाउंडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना थोडंफार संख्याशास्त्र येतं आणि थोडंफार जनुकशास्त्रही, पण दोन्ही एकाच शोधनिबंधात समोर आलं की गाडी अडते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रिग्रेशन आणि पी-मूल्य या गोष्टी ओळखीच्या आहेत असं गृहीत धरलं आहे.

जीवॉसमध्ये नेमकं करतात काय?

जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी हे पूर्ण नाव. बोलताना सगळे 'जीवॉस'च म्हणतात. माणसामाणसांत डीएनएचं अक्षर जिथे बदलतं अशा जागांना स्निप म्हणतात. अशा लाखो जागा घ्यायच्या आणि प्रत्येक माणसाकडे एका ठरावीक ॲलीलच्या (म्हणजे त्या जागी येणाऱ्या पर्यायी अक्षरांपैकी एकाच्या) किती प्रती आहेत ते मोजायचं : शून्य, एक की दोन. मग उंचीसारखा मोजता येणारा गुण असेल तर लिनिअर रिग्रेशन, आजार आहे-नाही असा प्रश्न असेल तर लॉजिस्टिक रिग्रेशन. एका वेळी एकच स्निप घ्यायचा आणि हेच लाखो वेळा करायचं. गणित म्हणून त्यात अवघड काही नाही, अवघड आहे ते आलेल्या उत्तराचा अर्थ लावणं.

सुरुवातीच्या गाजलेल्या अभ्यासांपैकी एक २००५ सालचा. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा जो आजार आहे, त्याचे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं एवढ्यावर सीएफएच हे जनुक सापडलं. एवढ्याशा नमुन्यात जमलं, कारण परिणाम विलक्षण मोठा होता. असं नशीब पुढे फार कमी जणांना लाभलं. २०२२ मध्ये उंचीवर जो अभ्यास झाला त्यात सुमारे ५४ लाख लोक होते आणि १२,१११ स्वतंत्र स्निप हाती लागले. प्रत्येकाचा वाटा जेमतेम.

पी-मूल्याची मर्यादा 'दोन कोटींत एक' इतकी कडक कशासाठी?

शेजारशेजारचे स्निप बहुधा एकत्रच वारशाने येतात. त्यामुळे चाचण्या कितीही केल्या तरी युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये, नेहमी आढळणाऱ्या स्निपपुरत्या, त्या साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्यांइतक्याच भरतात. ०.०५ ला दहा लाखांनी भागलं की ०.०००००००५ येतं, म्हणजेच दोन कोटींत एक. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे शेजार-संबंध तोकडे असतात, तिथे स्वतंत्र चाचण्या जास्त भरतात आणि मर्यादा खरं तर आणखी कडक हवी.

मग पी-मूल्य या मर्यादेच्या खाली गेलं, म्हणजे संबंध खरा, असंच ना?

संबंध खरा, पण त्यामागे तो स्निपच आहे असं नाही. पी-मूल्य एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : हे निव्वळ योगायोगाने घडलं असेल का? योगायोग नसेल तर मग काय आहे, यावर ते गप्प असतं. या विषयातले निम्मे वाद इथेच सुरू होतात.

आकडे मांडून बघू. क आणि ख असे दोन लोकसमूह, प्रत्येकी १,००० माणसं. क समूहात ८०% लोकांकडे एक ॲलील आहे आणि (आहार, हवा, दवाखाना किती लांब अशा काहीही कारणाने) ३०% लोकांना एक आजार आहे. ख समूहात ते ॲलील २०% लोकांकडे आणि आजार १०% लोकांना. ॲलीलचा आजाराशी काडीचाही संबंध नाही, असं आपणच ठरवलं आहे. म्हणजे क मध्ये ॲलीलवाल्या ८०० पैकी २४० आजारी, बिनॲलीलवाल्या २०० पैकी ६०. दोन्हीकडे ३०%. ख मध्ये २०० पैकी २० आणि ८०० पैकी ८०. दोन्हीकडे १०%.

आता कोण कुठल्या समूहातला ते विसरून सगळ्यांची बेरीज करा. ॲलीलवाले १,०००, त्यांतले आजारी २६०. बिनॲलीलवालेही १,०००, त्यांतले आजारी १४०. ऑड्स रेशो २.१६ येतो. काय-स्क्वेअर ४५, पी-मूल्य साधारण पाच हजार कोटींत एक. म्हणजे ती कडक मर्यादा आरामात ओलांडली गेली, आणि मुळात तिथे काहीच नव्हतं. आकडेमोडीत कुठेही चूक नाही. 'समूह' हा तिसरा घटक ॲलीलशीही बांधलेला आणि आजाराशीही, आणि तो हिशेबात घ्यायचा राहिला. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. लोकसमूहांच्या सरमिसळीतून आलं की त्याला पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन असं भारदस्त नाव मिळतं.

हे पुस्तकी उदाहरण झालं. प्रत्यक्षात असं फसायला होतं का?

होतं, आणि जीवॉसच्या आधीपासून. १९८८ साली ॲरिझोनातल्या गिला रिव्हर समाजातल्या ४,९२० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या समाजात टाइप २ मधुमेहाचं प्रमाण प्रचंड आहे. प्रतिपिंडांच्या जनुकांतला एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे होता त्यांच्यात मधुमेह ८%, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यात २९%. कोणीही म्हणेल की मधुमेहापासून वाचवणारं जनुक सापडलं. पण तो प्रकार म्हणजे युरोपीय पूर्वज असल्याची खूण होती. किती पूर्वज मूळ समाजातले, त्यानुसार लोकांचे गट पाडल्यावर फरक जवळपास नाहीसा झाला. याच लेखकांनी ही मेख स्वतः उलगडून दाखवली, म्हणून तो निबंध आजही शिकवला जातो.

दुसरं उदाहरण २००५ चं. मोठेपणी दूध पचवता येण्याशी जोडलेला लॅक्टेज जनुकाजवळचा स्निप उत्तर युरोपात खूप आढळतो, दक्षिणेकडे कमी होत जातो. सरासरी उंचीही उत्तरेत जास्त. युरोपीय वंशाच्या अमेरिकी लोकांत या स्निपचा उंचीशी ठसठशीत संबंध दिसला. आजी-आजोबा युरोपात कुठले ते बघून जुळणी केल्यावर तो बराचसा विरला. 'सगळे युरोपीयच आहेत, मग कसली सरमिसळ' असं म्हणणाऱ्यांना तेव्हापासून हे उदाहरण दाखवलं जातं.

नमुना मोठा घेतला की ही अडचण आपोआप जाईल ना?

उलट वाढते. मोठ्या नमुन्याने योगायोग कमी होतो. पक्षपात तिथेच राहतो, आणि तो अधिकाधिक ठामपणे 'सिद्ध' होतो. वरच्या उदाहरणात माणसं दहापट केली तर ऑड्स रेशो तोच राहील, काय-स्क्वेअर मात्र ४५ वरून ४५० वर जाईल. पाच लाख लोकांच्या डेटात इवलासा, पूर्वी दिसलाही नसता असा कल कडक मर्यादा पार करतो. आकार बघून भरवसा ठेवणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय आहे, असं माझं मत.

लॅम्डा म्हणजे काय? तो १ च्या वर गेला की अभ्यास बिघडला समजायचं का?

कल्पना साधी आहे. बहुतेक स्निपचा आजाराशी संबंध नसेल, तर त्यांच्या काय-स्क्वेअर किमतींचा मध्यक ०.४५५ च्या आसपास यायला हवा. तुमच्या डेटातला मध्यक भागिले ०.४५५ म्हणजे लॅम्डा : तो मध्यक ०.५० आला तर लॅम्डा झाला १.१०. 'जीनोमिक कंट्रोल' ही १९९९ ची पद्धत सांगते की प्रत्येक काय-स्क्वेअरला लॅम्डाने भागा. ३१ ची किंमत २८.२ होते, आणि ती 'दोन कोटींत एक' मर्यादा काय-स्क्वेअरच्या भाषेत २९.७ च्या जवळ असल्यामुळे तो स्निप यादीतून बाहेर.

अडचणी दोन. एक, सगळ्या स्निपना एकाच मापाने भागलं जातं, पण सरमिसळीचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. लॅक्टेजसारख्या स्निपला जास्त बसतो, त्याला ही कात्री पुरत नाही. बाकीच्यांना उगाच लागते. दुसरी अडचण मोठी. उंचीसारख्या गुणात हजारो स्निपचा खराखुरा छोटा वाटा असतो. तिथे नमुना वाढला की काहीही बिघडलेलं नसताना लॅम्डा चढतो. त्यामुळे २०११ च्या सुमारापासून नुसत्या लॅम्डावरून निकाल देणं मागे पडलं. १.२ हा आकडा दोन हजार लोकांच्या अभ्यासात धोक्याचा, पाच लाखांच्या अभ्यासात कदाचित अगदी रास्त.

मग खरे छोटे परिणाम आणि सरमिसळ वेगळी कशी करायची?

एलडी स्कोअर रिग्रेशनने, निदान बऱ्याच अंशी. ही २०१५ मधली पद्धत मला या सगळ्यांत देखणी वाटते. एलडी म्हणजे लिंकेज डिसइक्विलिब्रियम, शेजारी स्निप एकत्र वारशाने येणं. स्निप आपल्या शेजाऱ्यांशी किती बांधलेला आहे याचा आकडा म्हणजे त्याचा एलडी स्कोअर. खरे परिणाम जीनोमभर विखुरलेले असतील, तर ज्याचे शेजारी जास्त त्याला कुणा ना कुणाचा परिणाम चिकटण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याचा काय-स्क्वेअरही मोठा. सरमिसळीने आलेली फुगवट मात्र शेजारी किती ते बघत नाही. म्हणून काय-स्क्वेअर विरुद्ध एलडी स्कोअर अशी रेषा काढायची : रेषेचा चढ खऱ्या परिणामांचा, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा १ च्या वर जितका, तितकी फुगवट संशयास्पद. समजा काय-स्क्वेअरची सरासरी १.४० आणि छेद १.०४. म्हणजे ०.४० फुगवटीतला ०.०४ हा भाग, १०%, सरमिसळीच्या खात्यात.

मात्र 'सरमिसळ शेजाऱ्यांकडे बघत नाही' हे गृहीतक आहे, नियम नव्हे. ते मोडलं तर सरमिसळ चढात शिरते आणि छेद निरागस दिसतो. हे घडलेलं आहे. उंचीची गोष्ट पुढे येते आहे.

पीसी किती घालायचे? सगळे दहा घालतात.

दहाला काही शास्त्राधार नाही, तो रिवाज आहे.

पीसी म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट. कोण कोणाशी जनुकीयदृष्ट्या किती मिळतंजुळतं हे जीनोमभरच्या स्निपवरून काढायचं आणि त्या फरकांच्या मुख्य दिशा शोधायच्या. २००६ पासून या दिशा रिग्रेशनमध्ये वय-लिंगासारख्या घालायचा प्रघात पडला. त्या किती बोलक्या असतात ते २००८ साली दिसलं : युरोपातल्या लोकांचे पहिले दोन पीसी कागदावर उतरवले तर जवळपास युरोपचा नकाशाच उमटला.

संख्येपेक्षा ते कशापासून काढले हे जास्त महत्त्वाचं. शेजारी स्निप न गाळता पीसी काढलेत तर पाचवा-सहावा पीसी वंशाबद्दल काही न सांगता, सहाव्या गुणसूत्रावरचा रोगप्रतिकारक जनुकांचा पट्टा किंवा आठव्यावरचा उलटा झालेला तुकडा एवढंच दाखवतो. नातेवाईक नमुन्यात राहिले तर एखादा पीसी एका कुटुंबापुरताच असतो. म्हणून आधी छाटणी, मग असे लांबलचक बांधलेले पट्टे वगळणं, नातेवाईक बाजूला काढून पीसी काढणं आणि शेवटी नातेवाइकांना त्या अक्षांवर बसवणं. प्रत्येक पीसीमध्ये कुठल्या स्निपचं वजन किती याचा आलेख पाच मिनिटांत निघतो. एकाच गुणसूत्रावर उंच मनोरा दिसला, की तो पीसी वंशाचा नव्हे.

मिक्स्ड मॉडेल वापरलं की पीसींची गरज उरत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. मिक्स्ड मॉडेल कोण कोणाशी किती जवळचं आहे याचा पूर्ण तक्ता विचारात घेतं. त्यामुळे जवळचे नातेवाईक, दूरचे नातेवाईक आणि बरीचशी सरमिसळ एकदमच सांभाळली जाते, नातेवाईक काढून टाकावे लागत नाहीत. बोल्ट-एलएमएम (२०१५), सेज (२०१८) आणि रिजेनी (२०२१) ही साधनं आल्यापासून लाखो लोकांवर हे परवडतंही. तरी दूरच्या लोकसमूहांमधले ढोबळ फरक पीसींनी स्पष्टपणे घातलेले बरे, आणि बहुतेक जण दोन्ही वापरतात.

दोन बारकावे. ज्या स्निपची चाचणी चालू आहे त्याचंच गुणसूत्र तक्त्यात ठेवलं तर तो स्निप स्वतःशीच स्पर्धा करतो आणि खरा परिणाम दबतो, म्हणून चाचणीतलं गुणसूत्र वगळून तक्ता करतात. आणि रुग्ण अगदी थोडे, निरोगी भरमसाट असं प्रमाण असेल तर दुर्मीळ स्निपांची पी-मूल्यं खोटीच लहान येतात. सेज आणि रिजेनीमध्ये त्यासाठीच वेगळी दुरुस्ती आहे.

एवढं सगळं करूनही काय निसटतं?

अलीकडची आणि स्थानिक रचना. पीसी बहुधा नेहमी आढळणाऱ्या, म्हणजे जुन्या स्निपवरून काढतात. दुर्मीळ स्निप अलीकडे जन्मलेले, त्यामुळे एखाद्या छोट्या टापूत दाटलेले. आजाराचं कारणही त्याच टापूतलं असेल, समजा पाण्यातलं किंवा एखाद्या कारखान्याचं, तर पीसी आणि मिक्स्ड मॉडेल दोन्ही हात टेकतात. हे २०१२ मध्ये सिम्युलेशनने दाखवलं गेलं. २०१९ मध्ये यूके बायोबँकच्या (ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य आणि जनुकीय माहितीच्या मोठ्या संग्रहाच्या) डेटात तर असंही दिसलं, की नेहमीच्या दुरुस्त्यांनंतरही माणसाचं जन्मस्थान आणि त्याचे जनुकीय स्कोअर (अनेक स्निपच्या वाट्यांची बेरीज) यांचा संबंध उरतोच.

कन्फाउंडिंग म्हणजे फक्त वंशाचं का?

अजिबात नाही. प्रयोगशाळाही कन्फाउंडर असते. रुग्णांचे नमुने एका जागी, निरोगी लोकांचे दुसरीकडे, डीएनए काढायची रीत वेगळी : एवढ्यावर स्निप वाचणाऱ्या चिपवरचे ठिपके जरा निराळे वाचले जातात आणि तो फरक आजाराचा वाटतो. टाइप १ मधुमेहाच्या २००५ मधल्या एका अभ्यासात हे नेमकं पकडलं गेलं. शंभरी गाठलेल्या लोकांवरचा २०१० सालचा एक गाजलेला निबंध तर चिपच्या तांत्रिक दोषांमुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. यावर रुग्ण आणि निरोगी लोकांचे नमुने एकाच प्लेटवर मिसळून लावण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तो नंतर करता येत नाही. नंतर हातात उरतं ते एवढंच : यादीतल्या प्रत्येक अव्वल स्निपचा क्लस्टर आलेख (शून्य, एक, दोन प्रतींचे ठिपके वेगळे पडले का ते दाखवणारा) डोळ्यांनी बघणं.

सावधगिरी म्हणून उपलब्ध सगळे घटक रिग्रेशनमध्ये घातले तर?

नका घालू. वय, लिंग, बॅच (नमुने कुठल्या खेपेत तपासले), पीसी ठीक. पण जो घटक स्वतःच जनुकांमुळे बदलतो, तो घालण्याआधी काय कशामुळे होतं याचं बाणांचं चित्र काढा.

एफटीओ या जनुकाचं बघा. २००७ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या जीवॉसमध्ये हा पट्टा वर आला. बीएमआय घातल्यावर संबंध गेला. इथे बीएमआय कन्फाउंडर नव्हता, वाटेतला टप्पा होता : स्निप वजन वाढवतो, वजन मधुमेह आणतं. पट्टा खोटा नव्हता, त्याचा रस्ता कळला. ज्यांनी रुग्ण आणि निरोगी लोक एकाच बीएमआयचे निवडले होते, त्यांना तो दिसलाच नाही.

याहून फसवा प्रकार कोलायडरचा, म्हणजे दोन वेगळ्या कारणांचे बाण जिथे येऊन मिळतात अशा घटकाचा. कंबर-नितंब गुणोत्तराचा जीवॉस बीएमआयसाठी दुरुस्त करून करायची पद्धत आहे. समजा एक स्निप फक्त बीएमआय वाढवतो, गुणोत्तराला हातही लावत नाही. बीएमआय आणि गुणोत्तर इतर कारणांनी बांधलेले असले, तर बीएमआय 'स्थिर' धरल्याबरोबर त्या स्निपचा गुणोत्तराशी उलट दिशेचा खोटा संबंध तयार होतो. म्हणजे दुरुस्तीनेच बिघाड केला.

अभ्यासात कोण आलं यानेही फरक पडतो?

पडतो. यूके बायोबँकने ज्यांना बोलावलं त्यांपैकी सुमारे ५.५% लोकच आले, आणि ते सरासरीपेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले. २०२१ मधला एक अभ्यास तर झकास आहे. सुमारे ३३ लाख लोकांवर 'स्त्री की पुरुष' याचाच जीवॉस केला, तोही लिंग गुणसूत्रं सोडून. तिथे काही सापडायलाच नको. सापडले शंभराहून अधिक पट्टे. कारण कुठल्या स्त्रिया आणि कुठले पुरुष अशा अभ्यासात भाग घेतात, हे थोडं थोडं जनुकांशी बांधलेलं आहे.

यातून पूर्ण सुटका करणारी एखादी रचना आहे का?

सरमिसळीपुरती आहे : कुटुंब. आईवडिलांकडच्या दोन प्रतींपैकी मुलाला कुठली मिळणार हे नाणेफेकीने ठरतं. त्यामुळे सख्ख्या भावंडांमधला फरक वंशाच्या, गावाच्या, वर्गाच्या गोंधळापासून मुक्त असतो. १९९३ ची संक्रमण-असमतोल चाचणी याच तत्त्वावर उभी आहे.

२०२२ मध्ये १,७८,०८६ भावंडांवर असा जीवॉस झाला. शिक्षण, बुद्धिचाचणी, धूम्रपान, पहिल्या मुलाच्या वेळचं वय, उंची यांचे परिणाम नेहमीच्या जीवॉसपेक्षा लहान निघाले. एलडीएल कोलेस्टेरॉलसारख्या गुणांत फारसा फरक पडला नाही. याचा सरळ अर्थ असा, की गुण जितका सामाजिक, तितका नेहमीच्या जीवॉसच्या आकड्यावर कमी विश्वास ठेवावा.

फुगवटीचा काही भाग आईवडिलांच्या वागण्यातून येतो. आइसलँडच्या डेटावर २०१८ मध्ये दिसलं, की जी ॲलील मुलांना मिळालीच नाहीत, त्यांचाही मुलांच्या शिक्षणाशी संबंध आहे, मिळालेल्यांच्या सुमारे ३०% इतका. आईवडिलांची जनुकं घर घडवतात आणि घर मुलाला घडवतं. शिवाय जोडीदार निवडताना लोक आपल्यासारखाच निवडतात. त्यानेही आकडे फुगतात.

कुटुंब-अभ्यास सगळेच का करत नाहीत? भावंडं मिळवणं कठीण, आणि तेवढ्याच माणसांत त्यांची ताकद कमी पडते.

उंचीची ती गोष्ट काय?

उत्तर युरोपीय लोक उंच आहेत ते नैसर्गिक निवडीमुळे, असा निष्कर्ष २०१२ पासून अनेक निबंधांत येत होता. आधार होता अनेक देशांचे छोटे जीवॉस एकत्र करून काढलेल्या परिणामांचा. यूके बायोबँकचा एकसंध डेटा आल्यावर, २०१९ मध्ये दोन गटांनी तेच गणित पुन्हा केलं आणि तो संकेत बहुतांशी नाहीसा झाला. जुन्या जीवॉसमध्ये उत्तर-दक्षिण सरमिसळीचा लेशमात्र अंश उरला होता. एकेका स्निपवर तो नगण्य, स्निप शोधायच्या कामाला जवळपास निरुपद्रवी. पण हजारो स्निप बेरजेत घेतले की सगळ्या चुका एकाच दिशेने झुकलेल्या, आणि बेरीज डोंगराएवढी. अशा बेरजेला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात, आणि तो वापरून दोन लोकसमूहांची तुलना करणाऱ्या कुठल्याही दाव्याला ही हरकत लागू आहे.

दुसऱ्या नमुन्यात तेच सापडलं तर शंका मिटते ना?

योगायोगाची मिटते. दोन्ही नमुन्यांत उत्तर-दक्षिण उतार तोच असेल तर कन्फाउंडिंगसुद्धा इमानेइतबारे पुन्हा सापडतं. निराळ्या रचनेच्या लोकसमूहात किंवा भावंडांत पडताळा मिळाला तर त्याचं वजन जास्त.

कन्फाउंडिंग पूर्ण काढलं, तर अव्वल स्निप ज्या जनुकात आहे तेच जनुक कारण?

ही वेगळी पायरी आहे. शेजारी स्निप एकमेकांना बांधलेले असल्याने वर आलेला स्निप बऱ्याचदा खऱ्या कारणाचा शेजारी असतो, आणि खरं कारणही पुष्कळदा लांबच्या जनुकाची कळ दाबतं. एफटीओच्या पट्ट्यातले स्निप त्याच जनुकाच्या आत आहेत. त्या ॲलीलच्या दोन प्रती असलेल्या प्रौढांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त, हा परिणामही वादातीत. तरी २०१४ आणि २०१५ मधल्या प्रयोगांनी दाखवलं, की तो पट्टा पाच लाख अक्षरांच्या पलीकडे असलेल्या आयआरएक्स३ या जनुकावर आणि त्याच्या जोडीच्या आयआरएक्स५ वर काम करतो. जीवॉसच्या याद्यांत मात्र त्या जागेसमोर अजून एफटीओच छापलं जातं.